बारा आण्यांचा अंगठा

उभ्या आदिलाबाद जिल्ह्यात लेकीच्या उजव्या अंगठ्याची एवढी बडदास्त ठेवणारा दुसरा बाप झाला नसेल, आणि झालाच असेल तर त्याने माझ्या रूममेटच्या बाबांकडे शिकवणी लावली असली पाहिजे. लोक मुलीचं नाक पाहतात, रंग पाहतात, उंची मोजतात. या बाबांनी, मी त्यांना काकाच म्हणते, असल्या गोष्टींकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. मी त्यांना पहिल्यांदा भेटले तेव्हा माझं नाव, गाव, आडनाव काहीएक न विचारता ते म्हणाले, "दाखव बाई तुहा अंगठा." कॉलेजचं पहिलं वर्ष, आदिलाबादेतली भाड्याची खोली, सामान अजून दोरीत बांधलेलं, आणि हा उंच, वाळका, डोक्याला रुमाल गुंडाळलेला माणूस माझा अंगठा धरून उजेडाकडे फिरवत होता. व्यापारी कापसाचा पुंजका ओढून धागा पाहतो तसं त्यांनी तो बारकाईने पाहिला आणि निकाल दिला, "दुकानदाराची पोरगी दिसते. रेषा साबूत हायेत." माझ्या वडिलांचं बोथ गावात किराणा दुकान आहे हे त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं. मी घाबरून रूममेटकडे पाहिलं. ती शांतपणे फळीवर डबे लावत होती. "बाबा असेच हायेत," ती म्हणाली. "सवय होईन तुले."

सवय व्हायला वेळ लागला, पण कारण लवकर कळलं. त्यांचं गाव जैनथकडे, पैनगंगेच्या अंगाला. चार एकर कापूस, मधे तुरीचे पट्टे आणि विहिरीजवळ थोडी वांगी-मिरची. आम्हा दोघींचंही शिक्षण सरकारी शिष्यवृत्तीवर चालायचं. फी सरकार भरणार, पण अटी होत्या. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी ताजा हवा, सगळे पेपर निघायला हवेत, आणि हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. ही हजेरी मोजायचं भिंतीवरचं एक मशीन. सकाळी त्यावर अंगठा ठेवायचा, आतली बाई 'थँक्यू' म्हणाली की तुम्ही हजर. काकांच्या गावातल्या एका मुलीला त्या बाईने थँक्यू म्हणायचं नाकारलं होतं. ती मुलगी आमच्या दोन-तीन वर्षं पुढची. दिवाळीच्या सुट्टीत तिने घरचा कापूस वेचला, बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं सोलून निघाली, अंगठ्यावरच्या रेषा गेल्या आणि परतल्यावर मशीन तिला ओळखेना. हजेरी घसरली, शिष्यवृत्ती बंद पडली, फी घरच्यांच्या अंगावर आली आणि उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. त्या लग्नात काका पंगतीला बुंदी वाढत होते; त्यांची लेक तेव्हा घरीच राहत होती, बारावीला जाणार होती. घरी येऊन त्यांनी आपल्या लेकीचा अंगठा हातात घेऊन नीट पाहिला आणि जाहीर केलं की ही पोरगी यापुढे कापसाच्या झाडाला शिवणार नाही.

नुसता कापूस असता तर एक वेळ चाललं असतं. काकांचं एकदा सुरू झालं की बैल उधळल्यासारखं, बांध दिसत नाही. हळूहळू तुरीच्या शेंगा सोलणं बंद झालं, मिरच्यांचे देठ मोडणं बंद झालं, चिंच फोडणं तर गुन्हाच ठरला. विहिरीचा दोर बंद. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की संध्याकाळची भांडी लेक घासते, आणि तीही राखेने. "राख रेषा खाते," असा शोध लावून त्यांनी तिला मोरीवरून उठवलं आणि स्वतः उकिडवे बसले. भर अंगणात, रस्त्यावरून दिसेल असे. आमच्याकडे बाप्या माणसाने कढईला हात लावला की आधी लोक घरात कोण आजारी आहे ते विचारतात, आणि कोणीच आजारी नाही म्हटल्यावर हसायला मोकळे होतात. शेजारचे एक बुवा रोज थांबून विचारायचे, "काय मालक, आज कोणाच्या घरची धुणीभांडी धरली?" काका मान वर न करता उत्तर द्यायचे, "इस्कालरशिपची भांडी हायेत ही. तुमाले नाही समजाचं." काकूंचा राग मात्र वेगळाच. "पंचवीस वर्सं मी घासून राह्यली तवा कुत्रं नाही थांबलं पाहाले," त्या म्हणायच्या. "यायनं घासली त गाव गोळा होते." त्यातून काका घासायचे तेही असं मनापासून, की काकूंच्या लग्नात त्यांच्या मामाने दिलेल्या तांब्यावर कोरलेलं मामाचं अर्धं नाव वर्षभरात पुसून गेलं. काकूंनी तो तांब्या त्यांच्यापासून लपवून ठेवला.

पंचाहत्तर टक्के हा हिशोब काकांना मंजूर नव्हता. त्यांच्या गावात पीक किती आलं हे अजून आण्यांत सांगतात. सोळा आणे पीक म्हणजे भरघोस, आठ आणे म्हणजे निम्मं बुडालं. तेव्हा पंचाहत्तर टक्के म्हणजे रुपयात बारा आणे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बसवून टाकलं आणि हजेरीला ते आणेवारीच म्हणू लागले. "या महिन्याची आणेवारी काय?" हा प्रश्न ते मलाही विचारायचे. मी सकाळची जरा आळशी. माझी आणेवारी तेरा-साडेतेराच्या वर कधी गेली नाही. "तुह्या बापाले सांगू का?" असं ते एकदा फोनवर म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून मी वेळेवर उठायला लागले. माझ्या सख्ख्या वडिलांना मी कोणत्या वर्षाला आहे हेसुद्धा बोटं मोजून सांगावं लागायचं.

रोज सकाळी साडेदहाला त्यांचा फोन यायचा. फोन कसला, दोन शब्दांचा खेळ होता तो. "लागला का?" "लागला." की फोन बंद. एकदा मी म्हटलं, "काका, जेवली का, तब्येत कशी, असं काहीतरी विचारा की." त्यांनी थोडा विचार केला. "अंगठा लागला म्हणजे कॉलेजात गेली. कॉलेजात गेली म्हणजे तब्येत बरी हाय. तब्येत बरी हाय म्हणजे जेवलीच असन," ते म्हणाले. दर पंधरवड्याला भाजीच्या ऑटोबरोबर लोण्याची बाटली यायची, ती खायला नव्हे, अंगठ्याला चोळायला. सुट्टीत ती घरी गेली की काका तिच्या अंगठ्याला टोपडं चढवायचे. गावच्या शिंप्याकडून त्यांनी ते मापाने शिवून आणलं होतं, मऊ धोतराच्या कापडाचं, मनगटाला बांधायला दोन नाड्या असलेलं. शिंप्याने बारशाचं समजून त्यावर जरीचा एक ठिपकाही लावला होता. मी त्यावरून रूममेटला इतकं चिडवलं की शेवटी ते टोपडं ती ट्रंकेच्या तळाशी लपवून ठेवायला लागली. टाकून मात्र कधी दिलं नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचा सोहळा वर्षातून एकदा. त्यासाठी काकांनी एक सदरा राखून ठेवला होता. खांद्यावर ठिगळ, कोपरावर ठिगळ, कॉलर निम्मी. मंडळ कचेरीपर्यंत, म्हणजे आमच्या तहसिलीपर्यंत, ते चांगला सदरा घालून जायचे, कडुलिंबाखाली तो उतरवून हा चढवायचे आणि हात जोडून आत शिरायचे. तेलुगूतले दोनच शब्द त्यांना पक्के पाठ होते, 'रेपु रा', म्हणजे उद्या ये. ते त्यांनी त्याच कचेरीत शिकले. तिसऱ्या वर्षी तिथल्या गिरदावराने, म्हणजे तलाठ्यांवरच्या साहेबाने, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हटलं, "पटेल, गेल्या साली पण हाच सदरा होता ना?" काका म्हणाले, "साहेब, उत्पन्न तेच हाय त सदरा कसा बदलीन?" दाखला त्या दिवशी लगेच मिळाला, असं काका सांगतात. काकूंच्या मते त्यानंतरही दोनदा 'रेपु रा' झालं होतं.

रजा हा शब्द तर त्यांच्या घरातून हद्दपारच होता. पोळ्याला लेकीने घरी यायचं नाही, कारण त्या दिवशी कॉलेजात कोणी ना कोणी शिकवत असणारच. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं लग्न कॉलेजच्या दिवशी निघालं तेव्हा तिने दोन दिवस मागितले. "काका तुहाच हाय, कुठं पळून नाही चालला," म्हणून त्यांनी फोन ठेवला. चुलत्याच्या अक्षता तिने मधल्या सुट्टीत माझ्या मोबाइलवर पाहिल्या, आणि डोळे पुसत म्हणाली, "मले एक दिवस त्या मशीनवर दगड घालाचा हाय." मी म्हटलं, "डाव्या हाताने घाल. उजवा काकांचा आहे." ती रडता रडता हसली.

तिसऱ्या वर्षी मात्र गंमत संपली. कापूस एकदमच फुटला आणि वर आभाळ आलं. पांढऱ्या कापसावर पाऊस पडला की तो मातीमोल होतो, म्हणून सगळ्या गावाची घाई, मजूर कोणालाच मिळेना. त्यात काकू बांधावरून घसरल्या आणि घोट्यापासून पाय सुजला. काका फोनवर यातलं अक्षर बोलले नाहीत. "वेचणी झकास चालू हाय. लागला का?" एवढंच. काकूंनीच एक दिवस कण्हता कण्हता सगळं लेकीला सांगितलं. शनिवारी काका त्यांना घेऊन आदिलाबादच्या दवाखान्यात यायचे होते, एक रात्र राहायचं होतं, आणि दोन्ही दिवस कॉलेजला सुट्टी. रूममेटने शुक्रवारी वर्ग सुटल्यावर पिशवी भरली. "शनिवारी सकाळी माहे मायबाप तिकडून निघाले का मी शेतात. बाबानं इचारलं त सांग, तुह्या घरी बोथले गेली," मला बजावून ती गेली, आणि रात्रीपुरती गावातल्या चुलत आत्याकडे लपून राहिली.

शनिवारी दुपारी काका खोलीच्या दारात उभे. हातात लोण्याची बाटली. "बाई कुठं गेली?" मी पढवल्याप्रमाणे धडाधडा सांगितलं, "बोथला, माझ्या घरी." काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू इथं, अन ती तुह्या घरी?" खोटं बोलायची मला चांगली सवय आहे, पण हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. मी खाली पाहत राहिले. काका रागावले नाहीत. बाटली फळीवर ठेवली, डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा बांधला आणि दवाखान्यात काकू एकट्या होत्या म्हणून निघून गेले. मला त्यांच्या मागे धावत जाऊन माफी मागावीशी वाटली, पण मी गेले नाही, याचं अजून वाईट वाटतं.

रविवारी संध्याकाळी नवरा-बायको घरी पोचले तेव्हा ओसरीत कापसाचा ढीग होता, आणि लेक मोरीवर बसून राखेने भांडी घासत होती. दोन दिवसांची शिल्लक भांडी. हे तिनेच मला नंतर सांगितलं. काका सरळ मोरीकडे गेले. तिच्या हातातली कढई काढून घेतली, तिचा हात धुतला, आपल्या धोतराने पुसला आणि अंगठा उजेडाकडे धरला. तीन-साडेतीन वर्षं सांभाळलेल्या त्या मऊ अंगठ्याची दोन दिवसांत चाळण झाली होती. "हे काय केलं गं माय," ते म्हणाले. तिने म्हटलं, "कापूस वाचला ना बाबा." त्यावर ते म्हणाले, "कापूस दर साली येते." आणि मग तिथेच बसून त्यांनी उरलेली भांडी घासली.

सोमवारी मशीनमधली बाई थँक्यू म्हणाली नाही. 'पुन्हा प्रयत्न करा,' असं इंग्रजीत म्हणाली. मंगळवारीही तेच. साडेदहाच्या फोनला रूममेट "नाही लागला" म्हणायची आणि पलीकडून "लोणी धाडतो अजून" एवढंच यायचं. मग ऑटोबरोबर लोण्याच्या बाटल्या वाढल्या. ती इतकं लोणी चोळायची की मशीनची काचच तुपट झाली, बाकीच्यांचेही अंगठे घसरायला लागले आणि शिपाई रोज फडक्याने काच पुसत शिव्या घालायचा. दुसरं बोट नोंदवायचं तर वरून परवानगी हवी, आणि ती परवानगी 'रेपु'. महिना असाच गेला. सत्र संपताना फलकावर शिष्यवृत्तीला अपात्र मुलांची यादी लागली. त्यात तिचं नाव होतं. मशीनच्या हिशोबाने तिची आणेवारी साडेअकरा होती. अर्ध्या आण्यासाठी वर्षाची फी घरावर येणार होती, आणि ती भरल्याशिवाय पदवीचा कागद मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका कॉलेजात आले. ठिगळांचा सदरा नव्हता, चांगला होता, इस्त्रीचा. मी आणि रूममेट त्यांच्याबरोबर कार्यालयात गेलो. कारकून बिचारा वाईट नव्हता. "मशीन में नहीं आया तो मैं क्या करूँ चाचा," म्हणाला. काका म्हणाले, "कौनसा मशीन? दिखाओ." मशीन दारातच होतं. काकांनी हात धोतराला पुसला आणि आम्हाला काही कळायच्या आत आपला अंगठा त्यावर ठेवला. कारकून हसत म्हणाला, "चाचा, तुम्हारा कैसे आएगा उसमें?" काका गंभीरपणे म्हणाले, "मेरी लडकी है साब. मेराच खून है. लकीर अलग कायको रहती?" मला हसू यायला लागलं होतं. पण मशीन गप्प होतं. लेकीला ते निदान 'पुन्हा प्रयत्न करा' तरी म्हणायचं. काकांच्या अंगठ्याला ते काहीच म्हणालं नाही. दिवासुद्धा लागला नाही. काकांनी अंगठा जोराने दाबला, आडवा ठेवला, मग दुसरा हात, मग एकेक करून सगळी बोटं. "बंद पडलं का हे?" त्यांनी विचारलं. कारकुनाने आपला अंगठा ठेवला. थँक्यू, बाई म्हणाली.

जन्मभराच्या कापसाने आणि लेकीच्या वाट्याच्या राखेने त्यांच्या दहाही बोटांवर एक रेषा ठेवली नव्हती. काका आपल्या हाताकडे असे पाहत होते, जसं काही तिथे बोटं आहेत की नाहीत याचीच त्यांना शंका आली होती. रूममेटने तो हात धरला आणि सोडलाच नाही. प्रिन्सिपल मॅडम त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं पाहिलं असावं. त्या कारकुनाला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि तो धावत गेला. मशीन आल्यापासून कागदाची हजेरी कोणी विचारत नव्हतं, पण पहिल्या तासाचे आमचे जुने सर अजून नावं पुकारून रजिस्टर भरायचे. त्यांना सवय सुटली नव्हती. ते रजिस्टर मॅडमने टेबलावर उघडलं आणि बोट ठेवून एकेक ओळ पाहिली. तिन्ही वर्षं. पोळ्याच्या दिवशी हजर. चुलत्याच्या लग्नाच्या दिवशी हजर. अंगठा गेल्यानंतरचा सगळा महिना हजर. तिच्या नावापुढे एकही गैरहजेरी नव्हती. मॅडमने चष्मा काढला आणि काकांना विचारलं, "बच्ची कभी बीमार नहीं पड़ी?" काका खाली मान घालून म्हणाले, "पडी मॅडम. मैं आने नहीं दिया घर को." मॅडमने त्याच दिवशी पत्र लिहिलं आणि सरांची सही घेऊन वर पाठवलं. त्यानंतर महिना-दीड महिना काकांनी साडेदहाचा फोन केलाच नाही. ज्या दिवशी मंजुरी आली त्या दिवशी तिनेच फोन लावला. "बाबा, लागला," ती म्हणाली. पलीकडे काकूंचा आवाज आला, "काऊन रडून राह्यले वो?" आणि फोन बंद झाला.

पदवी मिळाली. ती आता हैदराबादेत नोकरी करते. तिथे हजेरी चेहऱ्यावर घेतात, असं तिने घरी सांगितलं तेव्हा काका काळजीत पडले. "मंग तोंड जप बाई," ते म्हणाले. "उन्हात नको फिरत जाऊ." सकाळी साडेदहाला त्यांचा फोन अजून जातो, आणि मोठ्या कंपनीतली ती मुलगी मीटिंगमधून उठून "लागला बाबा" एवढं सांगून परत येते.

गेल्या हिवाळ्यात जैनथकडे काम निघालं म्हणून मी त्यांच्या घरी गेले. काका मोरीवर उकिडवे बसून भांडी घासत होते. केस पांढरे झालेत, बसताना गुडघा धरतात. काकू ओसरीवर तूर सोलत होत्या. मी म्हटलं, "काका, आता कशाला? शिष्यवृत्ती संपली, पोरगी कमावती झाली." काकूंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे विचारू नको. काकांनी कढईत आणखी मूठभर राख टाकली. मग म्हणाले, "भांडी घासत असलो का वाटते, बाई आत अभ्यास करून राह्यली." मी पुढे होऊन त्यांच्या हातातलं ताट घ्यायला गेले. त्यांनी ते ओढून घेतलं आणि म्हणाले, "राहू दे. तुहा अंगठा खराब होईन."